रविवारचा धूर

तीर्थरूप दाजी,

तुम्हाला वाकून नमस्कार. कंबर वाकते तितकाच. ताईच्या गुडघ्यांचं कसं आहे? सूनबाईंचा खोकला गेला का? नातवाचा पडलेला दात पुन्हा आला का? तुमच्या पाठीचं विचारत नाही. माझ्या बॉयलरला कोळशाच्या गाड्या ढकलून तिचं काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे सगळे ठीक, फक्त माझी अब्रू जरा आजारी आहे.

त्याचं असं झालं. धाकट्याची मुलगी, आपली ठमी, हल्ली शिकवते. (मला वाटलं शाळेत. नाही, विद्यार्थी एकच, आणि तोही कॉम्प्युटर.) पूर्वी कुठल्या कारखान्याने किती कोळसा जाळला आणि हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे तो सांगतो. ज्यांच्या नोंदी उरल्या, त्यांच्यावरून न उरलेल्यांचा अंदाज. दाजी, मी तरी दुसरं काय करत होतो? सोमवारच्या गाड्या मोजायच्या आणि शनिवारी बसून त्यावरूनच आठवड्याचं रजिस्टर भरायचं. फोरमन त्याला कामचुकारपणा म्हणायचा. ठमीला त्यासाठी थंडगार खोली दिली आहे.

आमच्या भागातली बाकी रजिस्टरं वाळवीने खाल्ली. उरलं माझं, आणि तेही मीच मोठ्या दिमाखात तिला नेऊन दिलं. कॉम्प्युटर खूश. इतक्या नीटनेटक्या नोंदी त्याने पाहिल्याच नव्हत्या: रोज चाळीस गाड्या. परवा ठमी आली, चहा संपवला आणि म्हणाली, "काका, रविवारी कारखाना बंद असायचा ना?"

"कडकडीत बंद," मी म्हटलं.

"मग रविवारच्या चाळीस गाड्या?"

आता पानावर सात ओळी छापलेल्या, आणि रिकामी ओळ मला बघवत नाही. (ताईला विचारा, लहानपणापासूनची खोड आहे.) पण माझ्याकडून शिकून त्या कॉम्प्युटरने साठ कारखान्यांना वीस वर्षं रविवारीसुद्धा धूर सोडायला लावला. येत्या सोमवारी ठमीला हे मोठ्या लोकांपुढे मांडायचंय. पहिल्याच पानावर माझे आभार आहेत. पोरीची दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची, म्हणून मी सगळं कबूल केलं. ती रागावली नाही, नुसती चष्मा पुसत बसली. ते जास्त लागलं.

तुमचा मेहुणा

ता.क. तुम्ही पाठदुखीच्या तिरमिरीत प्रत्येक गाडी खिशातल्या डायरीत लिहायचात आणि मी हसायचो. ती डायरी असेल तर लगेच पाठवा. हसल्याबद्दलची माफी सोबत जोडली आहे.

पुन्हा ता.क. डायरी तुम्हीही शनिवारीच बसून भरली असेल, तर तसं स्पष्ट कळवा. ठमी म्हणते, कॉम्प्युटरला तेही शिकवता येतं. उत्तर मात्र आजच लिहा. शनिवारची वाट पाहू नका.