लाजेला फ्रेंचमध्ये काय म्हणतात

बोरीवली,
९ नोव्हेंबर १९५५

चि. सौ. कुंदास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शरदचं पत्र आलं. फेब्रुवारीत परदेशाहून येतो आहे, फ्रेंच बायकोला घेऊन. पंधरा दिवस राहणार आहे. माझा मुलगा माझ्या घरी पाहुणा.

तुला आठवतं ना, यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी कंटाळले. शेवटी आपल्या भाऊने हात जोडून सांगितलं की शरद येऊन जाईल, तेव्हा शिवला. माझ्या नवऱ्याला जाताना थाप मारावी लागली, ती या पोरीपायी. हे अंथरुणाला खिळले तेव्हाच तार केली होती. उत्तर काय, तर बायको आजारी आहे, निघता येत नाही. हे शेवटपर्यंत दाराकडे बघत होते.

तुझ्या यजमानांची टपालखात्यातर्फे पाँडिचेरीला बदली झाली आहे आणि तुला फ्रेंच शेजारीण मिळाली आहे, तर माझं एक काम कर. 'तुला लाज नाही वाटत?' हे फ्रेंचमध्ये कसं म्हणतात ते आपल्या अक्षरांत लिहून पाठव. मला तिच्या तोंडावर, तिच्याच भाषेत विचारायचं आहे. पुड्यांचे कागद वाचून मी वाचायला शिकले, एक वाक्य मला जड नाही.

तब्येत सांभाळ, आणि लवकर लिही.
ताई


पाँडिचेरी,
२१ नोव्हेंबर १९५५

ती. ताईस कुंदाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, ताई सुनेला थेट फोडणीतच टाकणार!

शेजारच्या मादामना विचारलं. त्यांनी विचारलं, कुणाला म्हणायचं आहे? सुनेला म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, आधी पोरीला जेवायला तरी विचारा. ताई, या लोकांच्या भाषेत गंमतच आहे. भूक, तहान, थंडी, भीती, लाज, सगळ्यांना एकच क्रियापद, आव्वार. म्हणजे असणं, जवळ बाळगणं. 'झे फँ' म्हणजे मला भूक लागली. समोरच्याला 'त्यू आ फँ?' तहानेला स्वाफ, थंडीला फ्र्वा, भीतीला पर. ही आधी पाठ कर.

तुझं वाक्य शेवटी लिहिते आहे, मनाविरुद्ध. 'त्यू ना पा ओंत?' ओंत म्हणजे लाज. ताई, ती परक्या घरात येणारी पोर आहे गं.

माझ्यावर रागावू नकोस.
कुंदा


बोरीवली,
६ डिसेंबर १९५५

चि. सौ. कुंदास आशीर्वाद. वि. वि.

तू मला तहानभूक कशाला शिकवतेस? भूक लागली तर जेवेल की. तरी पाठ केली, कारण एकाच दोरीला सगळी बांधलेली आहेत, एक ओढली की बाकीची येतात. तांदूळ निवडताना म्हणते. खालच्या शेवंतीने ऐकलं आणि विचारलं, वैनी, ह्यो खयचो मंतर? मी म्हटलं, सून आली की कळेल. तिने लगेच सांगितलं, मग माका पण शिकव, माझी सून तर घरातच आसा. शेवटचं वाक्य मात्र मी तिला ऐकवलं नाही. ते रोज यांच्या फोटोसमोर म्हणते. बिनचूक येतं आता.

यजमानांना नमस्कार.
ताई


बोरीवली,
८ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. कुंदास आशीर्वाद. वि. वि.

दोघं आली. तिचं नाव क्लेर. बारीक चणीची आहे, दारातच चपला काढून उभी राहिली. शरद लगेच बोलायला लागला, तिच्या वतीने आणि माझ्याही वतीने. मी त्याला थांबवलं आणि तिच्या डोळ्यांत बघून माझं वाक्य म्हटलं.

पोरगी पांढरीफटक पडली. मग हळू म्हणाली, 'झे ओंत'. त्यापुढे बरंच बोलली, डोळे पुसत. शरदने मला सांगितलं की तिला हे घर बघून फार आनंद झाला आहे.

कुंदा, अडीच महिने मी तोच एक शब्द घोकत होते. मी म्हटलं, शरद, ओंत मला कळतं, नीट सांग. पुन्हा विचारलं, तेव्हा सगळं बोलला. ती कधी आजारी नव्हतीच. सासरे गेल्याचं तिला वर्षश्राद्ध उलटल्यावर कळलं. आणि हा का आला नाही? तर आला असता तर आपण त्याला परत जाऊ दिलं नसतं, म्हणून. तिची लाज ती ही. स्वतःच्या तोंडाने त्याने मला ती समजावून सांगितली.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेली नाही. क्लेरला विचारते, त्यू आ फँ? ती हसते आणि ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसते. दुभाष्याला काम उरलेलं नाही. तो आई म्हणून हाक मारतो, चहा मागतो. मी क्लेरला विचारते, त्यू आ स्वाफ? तिच्यापुरता चहा टाकते.

भाऊ म्हणतो, त्याला एकदा जाब विचार.

तुझी,
ताई


पाँडिचेरी,
१३ फेब्रुवारी १९५६

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, पण ताई, तो तुझा एकुलता एक आहे. वाटेल तेवढं बोल त्याला, चार तोंडात मार, पण असं गप्प राहू नकोस. शिव्या घातल्यास तर तोही सुटेल आणि तूही.

हात जोडते.
कुंदा


बोरीवली,
१९ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. कुंदास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर आलं होतं. वाचलं, आणि पटलं नाही.

काल सांताक्रूझला पोचवायला गेले. शरद पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. उठून म्हणाला, आई, काय विचारायचं ते एकदा विचार गं. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं, आणि विमानात बसून झोपला असता. मी विचारलं नाही.

तिथे वारा सुटला होता. मी क्लेरकडे वळले आणि म्हटलं, त्यू आ फ्र्वा? तिने मान डोलावली. माझी शाल काढून तिच्या खांद्यांवर घातली. शरद बाजूला उभा राहून बघत होता.

'परत ये' हे फ्रेंचमध्ये कसं म्हणतात ते मादामना विचारून कळव. एकटीलाच म्हणतात तसं.

ताई