एका दिवसाच्या चुण्या

प्रिय चिगुसा,

तुझ्या कपड्यांच्या प्रदर्शनाचे फोटो बाबांना दाखवले. पडल्या पडल्या चष्मा मागितला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हिची चुणी खांद्याशी दमलीय." म्हणजे आवडलं. नावडलं असतं तर चष्मा मागितलाच नसता. "कॉम्प्युटरवर कसल्या घड्या घालणार ही?" म्हणून तुझ्याशी भांडलेले हेच, आणि आता टोफूवाल्याला तुझं कौतुक ऐकवून ऐकवून पिडतात. पण तू तोक्योला गेल्यापासून तुमचं बोलणं म्हणजे माझ्यामार्फत. दोघंही एकाच माळेचे मणी.

इथे किर्यूत डोंगरावरचं वारं सुटलंय. चुण्यांचे कागदी साचे कोरडे पडून घडीवर तडकतात, म्हणून कारखान्यात किटली उकळत ठेवते. एवढं एकटीने होतं, पण वाफ देण्याआधी साच्यांत कापड घालून मिटायचं तर समोरासमोर दोघं लागतात, एका दमात ओढणारी. लग्न होऊन आले तेव्हा मी घाईने ओढायची, तर तुझे बाबा म्हणायचे, "अगं, गाडी चुकतेय का तुझी?" फार राग यायचा. आता समोरची बाजू रिकामी आहे, आणि कुणीतरी ओरडावं असं वाटतं. घर खायला उठतं बघ. डॉक्टर हल्ली औषध बदलत नाहीत, नुसत्या थंडीच्या गप्पा मारून जातात. फोनवर मी तुला "बरं आहे" म्हणाले, कारण बाबा शेजारीच होते. बरं नाहीये.

काल त्यांनी आपणहून विषय काढला. जाताना अंगावर आपल्याच चुण्यांचं पांढरं वस्त्र हवं म्हणाले. मी डोळे पुसत म्हटलं, करते की, पॉलिएस्टरचा तागा आहे. तर चिडले. "दहनात वितळून हाडांना चिकटेल ते. मग काड्यांनी अस्थी उचलताना बसाल ओढत. सुती घे." मी म्हटलं, अहो, सुती कापडात वाफेची चुणी राहत नाही, जन्मभर तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगत आलात. तर हसले. "एक दिवस राहिली की झालं. मी काय ते धुवायला टाकणार आहे?"

साचाही त्यांनीच निवडलाय. समोर ओढायला कुणाला उभं करू, असं विचारलं, तर तुझं नाव घेतलं. मी म्हटलं, वेळ आली की कळवते तिला. तर म्हणाले, "तेव्हा नको, आत्ता बोलव. ओढताना चुकली तर मला सांगता आलं पाहिजे."

तुझीच,
आई