पाण्याच्या रंगातलं फुप्फुस

प्रिय उस्ताद,

हे नाव आता तुला पोरकट वाटेल. पण शाळेत जायच्याही आधी स्टुलावर उभा राहून, माझ्या हातातल्या कामाकडे बोट दाखवून, "बाबा, इथे रंग कमी पडलाय" असं सुनावणाऱ्या माणसाला मी दुसरं काय म्हणणार होतो? आणि रंग तिथे खरंच कमी पडलेला असायचा. मला ते आवडायचं नाही, हेही तुला ठाऊक होतं.

तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रातले सर म्हणाले, भेटायचं नसेल तर त्याच्यावर जोर करू नका, पत्र लिहा. ते पत्र उघडणार नाहीत, तुझ्या हातात देतील, वाचायचं की नाही हे तुझं तू ठरवायचं. पुढच्या शनिवारी तू बाहेर येणार. तिथून घरी की मामाकडे, असं त्यांनी तुला विचारलं, तेव्हा तू "बघतो" एवढंच म्हणालास. घराचं नाव काढलं की गप्प होतोस, असंही ते म्हणाले. त्यावर मी आत्ता काही लिहीत नाही. मला गोडगोड लिहिता येत नाही आणि रडगाणं गाणं माझ्या स्वभावात नाही. मी कामाच्या बातम्या देतो. तेवढं मला नीट जमतं.

पहिली बातमी अशी, की माझं काळं फुप्फुस परत आलं. तेच प्लॅस्टरचं, शाळांत सिगारेटची भीती दाखवायला केलेलं, ज्याच्यावर मी पावसाळाभर खपलो होतो, डांबराचा थर दाखवायला काजळी गाळून घेतली होती. आरोग्य खात्याच्या चष्मेवाल्या बाई स्वतः खोक्यात घालून घेऊन आल्या. मला वाटलं, कुठे तडा गेला असेल. तडा नव्हता. बाई म्हणाल्या, काम फार सुंदर आहे, तीच अडचण आहे. पोरं ते डोक्यावर धरून फोटो काढतात. एकाने तर त्याच्या नळीत पेन्सिल खोचून धूर काढायची नक्कल केली आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या पिटल्या. घाबरवायला म्हणून नेलेली वस्तू सर्कशीतलं माकड होऊन बसली. बाईंचं म्हणणं, भीती दाखवली की मुलं एक तर हसतात, नाहीतर कान बंद करतात. आपल्याला निरोगी फुप्फुस हवं, उघडणारं, हातात घेता येईल असं, मुलांनी स्वतः हाताळून बघावं असं. मला राग आला. ज्याने फाटक्या पुस्तकातल्या चित्रांवरून एकेक शीर शिकून घेतली, त्याला कुणी 'फार सुंदर आहे म्हणून नको' म्हणावं? दोन दिवस मी खोकं उघडलं नाही. मग काम घेतलं. काम परत पाठवायची सवय आपल्याला नाही.

नवं फुप्फुस मी घाईत दिलं, शाळेची तारीख ठरली होती. वरून रंग वाळला होता, आत थिनरची जरा ओल होती. बाई म्हणाल्या, तुम्हीही या, बघा तुमच्या वस्तूचं काय होतं ते. मी शेवटच्या बाकामागे उभा राहिलो. तुझ्याहून थोडी लहान मुलं होती. बाई भाषण ठोकतील असं वाटलं होतं, पण त्या टेबलावर चक्क बसल्या आणि विचारलं, शाळा सुटल्यावर घरी कोण असतं? निम्म्या वर्गाच्या घरी कोणीच नसतं. मग विचारलं, फार कंटाळा आला, कुणाचा तरी राग आला, तर सांगता कुणाला? सिगारेट ओढणं, थिनर हुंगणं, हे असलं काहीतरी मुलं कंटाळ्यात, एकटेपणात, मित्र म्हणाला म्हणून पहिल्यांदा करून बघतात, तेव्हा 'नको' कसं म्हणायचं याच्याआधी 'सांगायचं कुणाला' ते ठरवून ठेवा, असं त्या म्हणत होत्या. मी ऐकत होतो. शाळा सुटल्यावर आपल्या घरी कोण असायचं, ते मी आठवत होतो. मी दुकानांचे बोर्ड टांगायला बाहेर, तुझी आई भिंतीवरच्या फोटोत, आणि कारखान्याची खोली थिनरच्या डब्यांसकट उघडी.

फुप्फुस हातोहात फिरत होतं. मुलं ते नीट उघडत होती, आत बोट घालून नळ्या मोजत होती. मला बरं वाटत होतं. तेवढ्यात मधल्या रांगेतल्या एका मुलीने ते नाकाजवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं. बाजूच्याला दिलं, त्यानेही हुंगलं. हसू फुटलं, खाकरणं सुरू झालं. बाई उतरून जवळ गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या तासाला ज्या विषारी वासाबद्दल बोलणार होत्या, तो वास माझ्या फुप्फुसातून येत होता. मुलीने सरळ विचारलं, "बाई, हे वाईट आहे तर आमच्या हातात कशाला दिलं?" बाईंनी सारवासारव केली नाही. फुप्फुस खोक्यात ठेवलं, खिडक्या उघडल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. वस्तू मोठ्यांनी आणली, तेव्हा बदलायची मोठ्यांनी. तुम्ही नाक दाबून बसायचं नाही."

उस्ताद, मला वास आलाच नव्हता. मी खोक्याजवळ जाऊन वाकून हुंगलं, तरीही नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या, मला वाटतं त्यांना तेव्हा कळलं. जन्मभर थिनरमध्ये कुंचले धुतले, त्याने माझं नाक केव्हाच आंधळं करून टाकलं आहे. तुला केंद्रात नेलं, तेव्हा मामा, डॉक्टर, सगळे मला एकच विचारत होते, "घरात असून तुला वास कसा आला नाही? केसाएवढी रेघ चुकली तर दिसते तुला, पोराच्या शर्टाचा वास येत नाही?" मी उत्तर दिलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, हा ताठा आहे. तुलाही तसंच वाटलं असेल, की बाबाला कळत होतं आणि तो गप्प बसला. तसं नव्हतं रे. मला काही कळतच नव्हतं. एवढंच मला तुला त्या दिवशी गाडीत सांगायचं होतं, पण तू खिडकीबाहेर बघत होतास.

दुसरी बातमी, मी पाण्याचे रंग धरले. हसू नकोस. ज्या रंगांना मी बालवाडीचे रंग म्हणायचो, तेच. थिनर, तेलरंग, चिंध्या, जुने कुंचले, सगळं गावाच्या पलीकडच्या पॉलिशवाल्याला देऊन टाकलं. डब्यांखालच्या फळीने वास प्यायला असेल म्हणून फळीही करवतीने कापून काढली. दुकानांचे बोर्ड सोडले, ते पाण्याच्या रंगात टिकत नाहीत. आणि या वयात परत पहिल्या इयत्तेत बसलो. प्लॅस्टर पाणी असं पितं की हात फिरवायच्या आत रंग गायब. मग कळलं, आधी पांढरा गोंद पातळ करून त्याचा हात द्यावा लागतो. ओला असताना जो गुलाबी बरोबर दिसतो, तो वाळल्यावर गडद होतो. वर चकाकी द्यायला गेलो तर साय धरल्यासारखं पांढरं आलं, कारण खालचा हात ओला होता. पहिली चार फुप्फुसं उकडलेल्या बटाट्यासारखी झाली. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, चालतील. मी म्हटलं, तुम्हाला चालतील. पाचवं बरं आहे.

पण घर स्वच्छ झालं की नाही, हे मला कळणार कसं? नाकच नाही. म्हणून मी वरच्या काकूंना बोलावलं. हो, त्याच, ज्या धाडकन खिडकी लावून म्हणायच्या की तुझ्या रंगांनी माझा चहा बिघडतो. आपल्या भांडणांचा पहिल्यांदाच उपयोग झाला. त्या येतात, पदर नाकावरून काढून खोलीत फिरतात, आणि शेरा देतात. पहिल्यांदा म्हणाल्या, पडदे. मी पडदे धुतले. मग म्हणाल्या, कपाटामागची भिंत. ती खरवडून रंगवली. मग माझा स्वतःचाच जुना सदरा निघाला. त्या गेल्या की घरात आवाज राहत नाही. मी चहा दोघांचा टाकतो आणि मग अर्धा परत थर्मासमध्ये ओततो, ही सवय काही जाईना. ब्रश धुताना कधी कधी मोठ्याने बोलतो, गुलाबीला जरा पिवळा हवा का, असं. विचारतो आणि थांबतो.

काल काकू परत आल्या. दाराशी उभ्या राहिल्या, कारखान्यात गेल्या, मग तुझ्या खोलीत. कपाट उघडलं, उशीचा अभ्रासुद्धा सोडला नाही. मी मागे मागे, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा. बाहेर येऊन म्हणाल्या, "नाही रे, आता कसलाच वास नाही. बंद घराचा येतो, तेवढाच." घर बंद नाही, मी दिवसभर इथेच असतो, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मग खिडकी उघडायला गेलो.

हे कळवायला पत्र लिहिलं. मामाकडे गेलास तर मी रागावणार नाही. तिथे बोलती माणसं आहेत, घर हवेशीर आहे, आणि सांगायचं कुणाला, याचं उत्तर तिथे चटकन मिळेल. पण घरी यावंसं वाटलं, तर शनिवारी मी दारं-खिडक्या सताड उघडून बाहेर पायरीवर बसलेला असेन. एकदम आत येऊ नकोस. उंबऱ्याशी उभा राहून आधी वास घेऊन बघ. काकूंचं नाक चांगलं आहे, पण हे घर तुझं तू ओळखतोस. जरा जरी नको वाटलं तर पाऊल टाकू नकोस. दारातून मागे फिरणं यात कमीपणा नाही, असं सरही म्हणाले. माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे, दोन सदरे आणि पाण्याचे रंग. तसं झालं तर कुलूप लावीन, आणि जिथे तुला बरं वाटेल तिथे आपण दोघं जाऊ. पाचवं फुप्फुस अजून टेबलावर आहे, बाईंना दिलेलं नाही. त्याच्यात कुठेतरी रंग कमी पडलाय. मला ती जागा सापडत नाही.

तुझाच,
बाबा