मंगळवारच्या वर्गातली आई

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस आणि अर्धवट वाचून ठेवूनही देऊ नकोस. मी बरी आहे. म्हणजे मंगळवारपर्यंत होते.

कॉलेजने मला तीन महिने एका संगीत संस्थेत काम शिकायला पाठवलंय. गायला नाही, माझा गळा तुला माहीतच आहे. मी खुर्च्या मांडते, माइक लावते, हजेरी घेते, न आलेल्यांना फोन करते. सुरुवातीला फोनवर माझी बोबडी वळायची, आता अनोळखी माणसाशीही सहज बोलते. तिथल्या व्यवस्थापक बाई कडक आहेत. अहवालातलं एकच वाक्य त्यांनी मला चारदा लिहायला लावलं. पहिल्याच दिवशी बजावलं, इथे कोण येतं ते दाराबाहेर जाता कामा नये.

एरवी मी लहान मुलांच्या वर्गावर असते. या मंगळवारी कोणी रजेवर होतं म्हणून बाईंनी मला कंपवाताच्या रुग्णांच्या वर्गावर पाठवलं. या आजारात हात थरथरतात, हळूहळू आवाजही बारीक होतो. मोठ्याने गाऊन तो टिकवायचा, म्हणून हा वर्ग. मी दाराशी यादी घेऊन, मान खाली घालून बसले होते. सही करायला एक हात पुढे आला. पेन कागदावर टेकेना. त्या बोटात आईची अंगठी होती.

मी वर बघितलं. आईच होती. यादीत तिने माहेरचं नाव घातलं होतं. आपल्याला ती मंगळवारी शिवणाच्या क्लासला जाते एवढंच ठाऊक. दोन वर्षं, दादा. ती हळूच म्हणाली, "सही राहू दे, तू खूण कर." मी खूण केली. मग ती पहिल्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर मोठमोठ्याने गायली आणि मी भिंतीला टेकून नुसती बघत राहिले. कप अर्धाच का भरते, भाजी चिरायला मलाच का बसवते, हे एका घरात राहून मला दिसलं नाही.

वर्गानंतर जिन्यात ती म्हणाली, "कळलं असतं तर तुम्ही मला जागचं हलू दिलं नसतं." बाबांना तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. ते अजून नीट बोलत नाहीत, पण भाजी आता तेच चिरतात.

हे सगळं तुला कळवते आहे ते तिला विचारूनच. काल मी तिला म्हटलं, दादाच्या लग्नापासून तू त्याला एक ओळ लिहिली नाहीस, त्याचा फोन आला की बाबांकडे देतेस, त्या लग्नावरचा तुझा राग गेला नाही असं तो धरून बसलाय. ती उठली आणि कपाटातून कागद घेऊन आली. सात पत्रं होती, सगळी दोन-तीन ओळींवर थांबलेली, अक्षरं एकमेकांवर चढलेली. म्हणाली, "असलं अक्षर बघून तो घाबरला असता. फोनवर आवाज पोचत नाही. तू लिही. राग कधीच नव्हता, एवढं नक्की लिही." म्हणून लिहिलं. सातही पत्रं सोबत पाठवते आहे.

तुझीच,
बडबडी