धुतलेला पाय आणि न धुतलेला

थोरलीच्या बाबांना थोरलीच्याच घरून तिच्या आईचा नमस्कार,

लेक आणि बाळ सुखरूप आहेत. मला काय धाड भरलीय! धाकटी सून फोनवर म्हणाली, पायाची जखम तुम्ही तिला बघूच देत नाही, दिवसभर मोजा घालून बसता. अंगात एवढी साखर असताना कसली हो लाज?

आता माझी फजिती ऐका. पवित्र गुरुवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे इथले फादर बारा जणांचे धुतात. यंदा मलाही बसवलं. एकच पाय धुतात, म्हणून मी उजवा घरीच दगडाने घासून, तेल लावून चकाचक करून नेला. फादरांनी नेमका डावा धरला! टाचेला भेगा अशा की आत झुरळाने संसार थाटावा.

मी म्हटलं, "फादर, उजवा घ्या, तो धुतलेला आहे."

"मग तो कशाला धुऊ, आजी?" म्हणाले, आणि सगळ्या चर्चसमोर गुडघे टेकून डावाच धुतला, पुसला.

दुसऱ्याचे पाय मी जन्मभर धुतले, त्यात काही जड नाही. आपला घाण पाय पुढे करणं जड. त्या शिष्यांतल्या पेत्रानेही पाय धुवायला आधी नकोच म्हटलं होतं, पण प्रभूने दम भरल्यावर निमूट ऐकलं. तो संत झाला, तुम्ही अजून नाही.

तेव्हा मोजा काढा. जखमेला वास येतो का? रात्री ठणकते का? खरं कळवा. मी येईन तेव्हा दोन्ही पायांवर उभे राहून दार उघडा.

तुमच्यावर इथूनही डोळा ठेवून असलेली,
पोरांची आई