तुझ्या लग्नाच्या रजेत

प्रिय रामलिंग,

तुझ्या लग्नाच्या रजेत उमरीजवळच्या तुझ्या दवाखान्यात बदली डॉक्टर म्हणून नेमकं मलाच पाठवलंय. तू पेशंटांना लिहून दिलेली औषधं मी बदलली नाहीत. रजेवरच्या डॉक्टरबद्दल पेशंटपुढे वाईट बोलायचं नाही, हा आपल्या पेशातला रिवाज. लातूरला आपलं प्रेम फिसकटलेलं, त्यामुळे तुझ्या बाबतीत मला तो जरा जडच जात होता.

आज चतुराबाई बीपी तपासायला आल्या. म्हणाल्या, "आमचे डॉक्टर लई गुणाचे. मॅडम, तुम्ही आधी आला असता तर तुमचाच जोडा जमवला असता!"

मला हसू आवरेना. "हाव मावशी, लई गुणाचे हायत," मी म्हणाले. रिवाज म्हणून बोलायला गेले आणि कळलं, मनापासून बोलतेय. राग कधी गेला कोण जाणे!

नव्या नवरदेवाला असली पत्रं धाडत नाहीत, म्हणून हे माझ्यापाशीच ठेवते. दोघं सुखात राहा.

तुझ्या पेशंटांची सध्याची डॉक्टर,
सुकन्या