ए, आर आणि मधली तिरकी रेघ

आबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण वर्धनगडचा घाट लागला की मला अजून तुमचा रागही येतो आणि हसूही. फौजेतून आल्यावर तुम्ही कोरेगाव ते वडूज भाड्याची जीप चालवायचात. तिच्या डिझेल इंजिनावर तुम्ही मुंबईच्या भंगारातून आणलेला परदेशी गाडीचा टर्बो बसवायला घेतलात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरायचं आणि इंजिनात जादा हवा कोंबायची, एवढंच त्याचं काम. सोबत गोगलगायीच्या आकाराची दोन बिडाची कवचं होती, दोन्ही टर्बोतल्या त्याच पंख्याला बसणारी. दोन्हींवर ए, तिरकी रेघ, आर; पुढं एकावर पॉइंट चार आठ, दुसऱ्यावर पॉइंट आठ दोन. तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत, "ए आर म्हंजे आर्मी. फौजेचा माल हाय ह्यो. आकडा मोठा तेवढी ताकद लय." आणि मोठं बसवलंत. घाटात जीपनं काळा धूर ओकला आणि उतारूंना उतरून ती ढकलावी लागली.

स्टँडवर सगळे हसले. मामांचीही जीप होती, ते म्हणाले, "दाजी, तुमची जीप आन् पोरीचं शिक्षान सारखंच. नुसता धूर." झालं! तुम्ही तिथंच बोलून बसलात, "येत्या बाजाराला माणसं भरून घाट चढवतो. न्हाई चढली, तर पोरीला सांगलीस्नं कायमची घरी आणतो." माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, आबा. ते मला न विचारता तुम्ही भंगारावर लावून मोकळे झालात!

सुट्टीला आले तेव्हा हे कळलं. आधी तुमच्याशी कडाकडा भांडले, मग कवचं घेऊन ओसरीवर बसले. फौजेत नंबरांच्या मधे रेघ असतेच, म्हणून तुम्हाला ती दिसलीच नव्हती. मला मात्र ती भागाकाराची दिसली. ए म्हणजे धुराच्या वाटेचं क्षेत्रफळ, आर म्हणजे तिथून पंख्याच्या मध्यापर्यंतची त्रिज्या? मी कंपास घेऊन मोजते, सेंटिमीटरनं काही जमत नाही. इंचानं मोजते आणि उत्तर कवचावरच्या आकड्याला येऊन भिडतं. मी ओरडलेच. आकडा ताकदीचा नव्हताच, वाटेच्या ऐसपैसपणाचा होता. आपल्या लहान इंजिनाचा धूर त्या मोठ्या वाटेत रेंगाळत होता. पाटाचं तोंड आवळलं की पाणी कसं धावतं, तसा अरुंद कवचात पंखा लवकर वेग घेणार होता.

"म्हंजी लहान बसवायचं? लोक काय म्हणतील गं?"

"आवं आबा, लोकांस्नी घाटात बगू द्या."

बाजाराचा दिवस. जीपमध्ये मावेनात एवढी माणसं, दोन शेळ्या, आणि तुमच्या शेजारी मी. चढ लागतो, सवयीनं तुमचा हात पहिल्या गिअरकडं जातो आणि मी तो धरते. टर्बोची बारीक शिट्टी सुरू होते आणि जीप दुसऱ्या गिअरवरच वर निघते! वळणावर मामांची जीप वाफ सोडत उभी होती. तिथं तुम्ही हॉर्न दाबलात तो पार खिंडीत पोचल्यावर सोडलात. पुसेगावात उतरून भेटेल त्याला सांगत सुटलात, "माझी पोरगी हाय ही. इंजिनेर." मला एवढा आनंद पुन्हा कधी झाला नाही. पुढं नोकरीत कितीतरी इंजिनांना मी टर्बो निवडून दिले, पण तशी शिट्टी एकाचीही लागली नाही.

हे पत्र टाकणार तरी कुठं, म्हणून मोकळेपणानं लिहिते. त्या दिवशी घरात माझी ट्रंक भरून तयार होती आणि सांगलीच्या मैत्रिणीकडं राहायचं बोलणंही झालं होतं. जीप घाटात बंद पडली असती ना आबा, तरी मी शिकायला गेलेच असते.